गाऊटवर उपचार केलेच नाहीत तर पुढे काय होतं?

गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांमुळे होणारा संधिवात. त्याच्या एका रुग्णाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. सहा वर्षांपूर्वी उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला. आता वर्षातून तीन-चार वेळा त्रास होतो, कधी अंगठा तर कधी घोटा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या घेतल्या की चार-पाच दिवसांत उतार पडतो. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड ९.४, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी चालू आहे. डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं होतं, पण ते सुरू केल्यावर काही आठवड्यांतच अंगठा पुन्हा सुजला, म्हणून बंद केलं. ‘मधल्या काळात मी ठणठणीत असतो, मग आयुष्यभराची गोळी कशाला? काहीच केलं नाही तर नेमकं काय बिघडेल?’

संधिवाताचे रुग्ण मी बरीच वर्षं तपासतो आहे आणि गाऊटचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण कधी ना कधी हे विचारतो. प्रश्न रास्त आहे. ज्या आजारात वर्षातले तीनशेहून जास्त दिवस काहीच दुखत नाही, त्यासाठी रोज गोळी घ्यायची, हे कुणालाही पटायला जड जातं. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

रक्तात युरिक अ‍ॅसिड विरघळून राहण्याची एक मर्यादा असते. शरीराच्या तापमानाला ती साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर आहे. त्यापुढे गेलं की ते खडे धरू लागतं. साखरेचा पाक जास्त घट्ट झाला आणि वर गार पडला की भांड्याच्या कडेला साखर जमते, तसंच. पायाचा अंगठा आणि कानाची पाळी शरीराच्या मधल्या भागापेक्षा गार असतात. हे खडे तिथे आधी जमण्याचं हे एक कारण आहे. खडे सुईसारखे टोकदार आणि इतके बारीक असतात की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. सांध्याच्या कूर्चेवर ते थरावर थर साचत जातात, वर्षानुवर्षं, आवाज न करता. कधीतरी त्यातले काही सुटे होतात, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना परका पदार्थ समजून तुटून पडतात, आणि मग रात्री दोन वाजता असा ठणका लागतो की पायावर चादरसुद्धा सहन होत नाही. डायक्लोफेनॅक ही दंगल शमवतं. खडे जिथल्या तिथे राहतात.

तेव्हा ‘मधल्या काळात मी ठणठणीत असतो’ हे फक्त दुखण्यापुरतं खरं आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या, अजिबात न दुखणाऱ्या अंगठ्यातून सुईने थेंबभर द्रव काढून पाहिला, तरी त्यात बहुतेक वेळा हे खडे सापडतात. आणि खडे असतात तिथे मंद दाह चालूच असतो. तुमचं युरिक अ‍ॅसिड ९.४ आहे. याचा अर्थ झटके असोत वा नसोत, रोज थोडी नवी भर पडते आहे.

पुढचा प्रवास कसा होतो हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे, कारण अ‍ॅलोप्युरिनॉल १९६६ मध्ये बाजारात येईपर्यंत बहुतेक रुग्ण तो प्रवास पुरा करत. पहिल्या झटक्यानंतर उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना वर्षाच्या आत दुसरा झटका येतो. दहा वर्षं एकही झटका न आलेले शंभरात सातच्या आसपास. सुरुवातीला वर्षातून एक, मग दोन, मग चार. आधी फक्त अंगठा, मग घोटा, गुडघा, मनगट, हाताची बोटं. आधी चार दिवसांत उतरणारा झटका पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळतो. मग अशी अवस्था येते की एक झटका उतरण्याआधी दुसरा सुरू होतो आणि ‘मधला काळ’ उरतच नाही. अंगठ्याकडून घोट्याकडे आणि वर्षातून तीन-चार झटके, म्हणजे या रस्त्यावर तुम्ही आधीच बरेच पुढे आला आहात.

पहिल्या झटक्यानंतर सरासरी दहा वर्षांच्या आसपास गाठी दिसू लागतात. त्यांना टोफाय म्हणतात. कानाची पाळी, कोपर, बोटांचे सांधे, टाचेमागची शीर ही त्यांची नेहमीची ठिकाणं. सुरुवातीला दुखत नाहीत, म्हणून लोक चरबीची गाठ समजून सोडून देतात. कधीकधी आमवाताच्या गाठी समजून भलतेच उपचारही चालतात. गाठ वाढली की वरची कातडी ताणून पातळ होते, फुटते, आतून पांढरा घट्ट पदार्थ येतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. मधुमेह असेल तर जंतुसंसर्ग ठरलेलाच. काही जण गाठ कापून घेतात. नस दबत असेल किंवा संसर्ग आवरत नसेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, एरवी मी ती टाळायला सांगतो. युरिक अ‍ॅसिड तेवढंच उंच राहिलं तर गाठ पुन्हा येते, आणि जखम भरण्याचा त्रास वेगळा.

त्वचेखाली दिसते ती गाठ लोकांना घाबरवते. मला जास्त काळजी असते हाडाच्या आत बसलेल्या गाठीची. ती हाड आतून पोखरते. एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडेला ठोकून काढल्यासारखी गोल पोकळी दिसते आणि तिच्या काठावर हाडाचा पातळ पदर लोंबतो. एकदा हा फोटो पाहिला की निदान विसरता येत नाही. पण हे दिसू लागेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका. पोखरलेलं हाड नंतर फारसं भरून येत नाही. बोटं वाकडी होतात, मूठ वळत नाही, सदऱ्याचं बटण लावायला दुसरं माणूस लागतं. चाळिशी-पन्नाशीतला, घर चालवणारा माणूस विळा किंवा स्टिअरिंग धरता येत नाही म्हणून घरी बसतो, आणि हे पूर्ण टाळता येण्यासारखं होतं हे मला माहीत असतं. या आजाराबद्दल मी इतकं पोटतिडकीने बोलतो ते त्यामुळेच.

उपचाराविना गाऊट कुठवर जातो याचा एक पुरावा स्पेनमध्ये जपलेला आहे. पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याला वयाच्या २८व्या वर्षी पहिला झटका आला. त्या काळातला सर्वात बलाढ्य राजा, उत्तम वैद्य हाताशी, पण युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध कुणाकडेच नव्हतं. पुढे तो पालखीतून फिरू लागला, हात-पाय जायबंदी झाले, आणि १५५६ मध्ये त्याने सिंहासन सोडलं. १५५८ मध्ये तो वारला तो मलेरियाने. त्याच्या बोटाचं सुकलेलं टोक एस्कोरिअलच्या मठात वेगळं ठेवलेलं होतं. स्पेनमधल्या संशोधकांनी ते तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सांधा पूर्ण नष्ट झालेला, आणि साडेचारशे वर्षांनंतरही तिथे युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे खडे शाबूत. आज हेच खडे स्वस्त गोळ्यांनी विरघळवता येतात.

सांध्यांपलीकडे मूत्रपिंडाचा विषय आहे आणि तुमच्या बाबतीत तो सर्वात महत्त्वाचा आहे. वय ४४ आणि क्रिएटिनिन १.३ यावरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ७०च्या आसपास येते. घाबरण्यासारखं नाही, पण तुमच्या वयाला कमीच. गाऊटमुळे मूत्रपिंडाला धोके दोन. एक म्हणजे मुतखडा. गाऊटच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. लघवी आम्लधर्मी असेल आणि पाणी कमी प्यायलं जात असेल तर युरिक अ‍ॅसिडचाच खडा बनतो. हा खडा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांना हा धोका अधिक. दुसरं म्हणजे मूत्रपिंडाची कार्यक्षमता हळूहळू घटणं. इथे मी अतिशयोक्ती करणार नाही. गाऊट आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार हातात हात घालून येतात हे नक्की, पण युरिक अ‍ॅसिड उतरवल्याने मूत्रपिंड वाचतं का, यावर २०२० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यात अ‍ॅलोप्युरिनॉलचा तसा फायदा दिसला नाही. मात्र त्या चाचण्या गाऊट नसलेल्या लोकांवर होत्या. त्यामुळे नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलंय, झटका कधीच आलेला नाही, अशा माणसाला मी सहसा गोळी देत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे.

आणि तुमच्या मूत्रपिंडाला आज खरा धोका युरिक अ‍ॅसिडपेक्षा डायक्लोफेनॅकचा आहे. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि वर वेदनाशामक, ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी अडतो. त्यात जुलाब, उलट्या किंवा कडक उपवास होऊन शरीरातलं पाणी कमी झालं तर एका आठवड्यात क्रिएटिनिन दुप्पट-तिप्पट झालेलं मी पाहिलं आहे. उपचार न केलेल्या गाऊटचं हे नुकसान पुस्तकात वेगळ्या प्रकरणात येतं, पण आपल्याकडे आजारापेक्षा वेदनाशामकांनी गेलेली मूत्रपिंडं कमी नाहीत. तीच गत स्टिरॉइडची. झटका आला की जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘ते एक इंजेक्शन’ घ्यायचं, दर महिन्या-दोन महिन्यांनी, किंवा कुठूनतरी आणलेल्या सांधेदुखीच्या पुड्या खायच्या. अशा पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. त्या दोन-चार दिवसांच्या आरामाची ही किंमत असते. ओघात एक सांगतो: कळलावीच्या कंदात कॉल्चिसिन असतं हे खरं, आणि गाऊटच्या झटक्यावर कॉल्चिसिन देतात हेही खरं. पण तो कंद घरी उगाळून घेतल्याने माणसं दगावली आहेत. कुणी सुचवलं तर ऐकू नका.

हृदयाचं थोडक्यात. गाऊटच्या रुग्णांत हृदयविकार, पक्षाघात आणि हृदय कमजोर होणं यांचं प्रमाण जास्त असतं. यातला मोठा वाटा सोबतच्या रक्तदाबाचा, लठ्ठपणाचा आणि मधुमेहाचा. पण झटका स्वतःही निरुपद्रवी नसतो. ब्रिटनमधल्या गाऊटच्या रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णांत त्याआधीच्या ६० दिवसांत गाऊटचा झटका येऊन गेल्याचं प्रमाण, असा विकार न झालेल्या गाऊटच्या रुग्णांपेक्षा सुमारे दुप्पट आढळलं. अंगठ्यातला दाह अंगठ्यापुरता राहत नाही, हे त्यातून दिसतं. युरिक अ‍ॅसिडच्या गोळीने हृदयविकार टळतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं आश्वासन देणार नाही. झटके थांबवणं आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून ताब्यात ठेवणं, एवढं आपल्या हातात आहे.

आता तुम्ही गोळी का बंद केली त्याबद्दल. युरिक अ‍ॅसिड उतरू लागलं की सांध्यातले जुने खडे विरघळायला लागतात, सुटे होतात आणि पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. म्हणजे तुमचा अंगठा सुजला तेव्हा गोळी काम करत होती. हे तुम्हाला आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सांगितलं जात नाही, आणि इथेच बहुतेकांचा उपचार तुटतो. यावर दोन उपाय आहेत. डोस कमी ठेवून सुरुवात करायची, अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ५०, आणि दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त तपासून पायरीपायरीने वाढवायची. सोबत पहिले तीन ते सहा महिने कॉल्चिसिनचा अगदी छोटा डोस, सहसा ०.५ मिलिग्रॅम रोज एकदा. त्या काळात झटका आलाच तर झटक्यावर वेगळे उपचार घ्यायचे, अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवायचं नाही.

वाढवायची म्हणजे कुठवर? युरिक अ‍ॅसिड ६च्या खाली येईपर्यंत, आणि गाठी झाल्या असतील तर ५च्या खाली. आपल्याकडे सर्रास दिसतं ते असं: १०० मिलिग्रॅमवर सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं १०० वरच राहते, आकडा साडेसातवर अडकतो, झटके येतच राहतात आणि रुग्ण म्हणतो की औषधाचा उपयोग नाही. अनेकांना ३०० किंवा त्याहूनही जास्त लागतात. दुसरी चूक रिपोर्टमुळे होते. कित्येक प्रयोगशाळा ७ किंवा ७.२ पर्यंत ‘नॉर्मल’ छापतात. तुमच्यासाठी तो आकडा लागू नाही, ६.९ला खडे विरघळत नाहीत. तिसरी चूक म्हणजे महिनाभराचा ‘कोर्स’. रिपोर्ट चांगला आला, गोळी बंद, दोन-तीन आठवड्यांत आकडा पुन्हा नऊवर. आणि ऐन झटक्यात केलेली तपासणी फसवते, कारण तेव्हा युरिक अ‍ॅसिड तात्पुरतं उतरलेलं असू शकतं. झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करून घ्या.

नीट केलं तर काय साधतं, हेही मोजलेलं आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला प्रशिक्षित परिचारिकांनी आजार समजावून सांगितला, शंका ऐकल्या आणि लक्ष्य गाठेपर्यंत डोस वाढवला. दुसऱ्या गटाला नेहमीसारखे उपचार मिळाले. दोन वर्षांनी पहिल्या गटात ९५ टक्के लोकांचं युरिक अ‍ॅसिड लक्ष्याखाली होतं, दुसऱ्यात ३० टक्क्यांचं. दुसऱ्या वर्षी पहिल्या गटातले झटके आणि गाठी दोन्ही स्पष्ट कमी होत्या. औषध नवं नव्हतं, समजावून सांगणं आणि पाठपुरावा एवढाच फरक होता. गाठी विरघळायला महिने लागतात, मोठ्या असतील तर वर्षं. पण विरघळतात, हे मी रुग्णांच्या बोटांवर पाहिलेलं आहे.

खाण्याबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. पथ्याने युरिक अ‍ॅसिड साधारण एका अंकाने उतरतं. ९.४चे ८.४ होतील, खडे तसेच राहतील. हा आजार मुख्यतः आनुवंशिकतेचा आणि मूत्रपिंडाने युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकण्याचा आहे, तेव्हा घरच्यांनी तुमच्या ताटाला दोष देणं थांबवावं. बिअर आणि दारू सोडा. गोड शीतपेयं बंद. कलेजी, भेजा, वजडी टाळा, तारली-सुकटीवर हात आखडता घ्या. डाळी, पालक, टोमॅटो बंद करून फिके पडलेले रुग्ण मला भेटतात. त्याची गरज नाही, भाज्या आणि डाळींनी गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. दूध, ताक, दही चालतं, उलट फायद्याचं आहे. वजन हळूहळू उतरवा, निर्जळी उपवासाने किंवा एकदम जेवण तोडून नको, त्याने झटका येतो.

तुमच्या बाबतीत आता करायच्या गोष्टी. रक्तदाबाची गोळी बदलता येईल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक अ‍ॅसिड वाढवतं, लोसार्टन ते थोडं उतरवतं. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका. युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल, यकृताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. डायक्लोफेनॅक घरात ठेवू नका. पुढच्या झटक्यासाठी काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे आधीच लिहून घ्या. कॉल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेणं धोक्याचं असतं, आणि अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल घेऊ नये, म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरांना तुमची सगळी औषधं दाखवा. क्षयरोगाचे उपचार कधी घ्यावे लागले तर त्यातलं पायराझिनामाइड युरिक अ‍ॅसिड बरंच वाढवतं, गाऊट असल्याचं तिथेही आवर्जून सांगा.

अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल किंवा ताप आला तर त्याच क्षणी गोळी थांबवा आणि रुग्णालयात जा. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आणि कधी सांधा सुजून सोबत थंडी वाजून ताप आला, तर ‘नेहमीचाच गाऊट’ म्हणून घरी थांबू नका. गाऊटने खराब झालेल्या सांध्यात जंतूंचा पू होऊ शकतो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सांध्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय फरक कळत नाही, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवं.